घरचे दालचिनी रोल : रात्री वळा, सकाळी भाजा

दालचिनी रोल घरी करून पाहणाऱ्या वाचकांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. पीठ फुगलंच नाही. फुगलं, पण रोल दुपारपर्यंत कडक झाले. सारण वितळून टिनच्या तळाशी जळलं. दालचिनी कडवट लागली. आणि सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : नऊच्या न्याहारीला गरम रोल हवे असतील तर पहाटे पाचला उठायचं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : नाही. रोलचं नव्वद टक्के काम आदल्या संध्याकाळी उरकतं. रात्रभर टिन फ्रिजमध्ये राहतो आणि सकाळी फक्त फुगवणं नि भाजणं उरतं. बाकीच्या तक्रारींचं मूळही हाताच्या कसबात क्वचितच असतं. ते असतं घाईत आणि अंदाजपंचे मोजमापात. म्हणून पुढे जाण्याआधी एवढंच मनावर घ्या, की मैदा आणि दूध वजनकाट्यावर मोजायचं. एकाच वाटीत दाबून भरलेला मैदा आणि हलक्या हाताने भरलेला मैदा यांत सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो आणि रोल मऊ की कडक हे त्या फरकावर ठरतं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरेसा आहे.

आधी ठरवा : कोणत्या धाटणीचा रोल?

ढोबळमानाने दोन वाटा आहेत.

- स्वीडिश धाटणी. तिथे या रोलला ‘कानेलबुले’ म्हणतात आणि १९९९पासून ४ ऑक्टोबर हा त्याचा दिवस म्हणून साजरा होतो. पिठात वेलदोडा, आत लोणी-साखर-दालचिनी, वर साखरेचे जाड पांढरे दाणे. आइसिंग नाही. प्रत्येक रोल सुटा, कागदी वाटीत भाजतात. हातात धरून कॉफीबरोबर खाता येतो.
- अमेरिकन धाटणी. एका टिनमध्ये चिकटून फुगलेले मोठे, मऊ रोल, भरपूर सारण आणि वर क्रीम चीजचं गोड आइसिंग.

न्याहारीसाठी मला मधली वाट योग्य वाटते. टिनमध्ये चिकटून भाजलेले रोल, कारण त्यांच्या बाजू मऊ राहतात. पिठात स्वीडिश पद्धतीचा वेलदोडा, कारण ती चव आपल्याला परकी नाही. आइसिंग मात्र वेगळ्या वाटीत द्यावं. मुलं हवं तेवढं घेतील, मोठ्यांना सकाळी सकाळी तेवढं गोड नको असतं.

खालचं प्रमाण अंड्याशिवायचं आहे. अंडं घालायचं असेल तर एक अंडं फेटून काट्यावर ठेवा आणि जेवढं भरेल तेवढं दूध कमी करा.

साहित्य (९ रोल, २० सेंटिमीटरचा चौकोनी टिन)

शिजवलेली पेज :
- मैदा २० ग्रॅम
- दूध १०० ग्रॅम

पीठ :
- मैदा ३०० ग्रॅम
- दूध ११० ग्रॅम
- साखर ४५ ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (मापाचे दीड चहाचे चमचे)
- खारं लोणी ४५ ग्रॅम, मऊ
- मीठ ३ ग्रॅम (अर्धा चहाचा चमचा)
- वेलदोड्याची जाडसर पूड अर्धा चहाचा चमचा

सारण :
- खारं लोणी ५० ग्रॅम, मऊ, वितळलेलं नको
- ब्राउन शुगर किंवा गुळाची पावडर ८० ग्रॅम
- दालचिनीची पूड ८ ग्रॅम (साधारण तीन चहाचे चमचे)
- मैदा एक चहाचा चमचा

मीठ कमी वाटेल, पण पिवळ्या पाकिटातल्या नेहमीच्या टेबल बटरमध्ये जवळपास दोन टक्के मीठ असतंच. परदेशी पाककृतीतलं मीठ जसंच्या तसं घेतलं आणि लोणी आपलं खारं वापरलं, की रोल खारट होतात. बिनमिठाचं लोणी वापरत असाल तर पिठात ४ ग्रॅम मीठ घ्या आणि सारणात चिमूटभर घाला. घरचं ताजं, न आंबलेलं लोणीही चालतं, मात्र ते धुऊन, दाबून त्यातलं पाणी आणि ताक पूर्ण काढून टाका.

दुकानात उभं राहून काय बघायचं

मैदा. पाकिटाच्या मागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यात १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतील तर हा मैदा रोलला पुरेसा आहे. वेगळं ग्लुटेन आणून मिसळायची गरज नाही. कणीक घालायची इच्छा बऱ्याच जणांना असते. निम्म्यापर्यंत कणीक घाला आणि दूध २० ग्रॅमने वाढवा, रोल चांगलेच होतात. निम्म्याहून जास्त कणीक घातली की कोंडा फुगण्याच्या आड येतो आणि रोल दडदडीत होतात, त्यावर युक्ती नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी तिथलं ब्रेडचं पीठ वापरलं तर ते जास्त पाणी पितं, तेव्हा दूध १५-२० ग्रॅम जास्त लागेल.

यीस्ट. पाकिटावरची तारीख बघा आणि लहान पाकीट घ्या. एकदा फोडलं की ते घट्ट झाकणाच्या डबीत फ्रीजरमध्ये ठेवा. महिनोन्‌महिने मसाल्याच्या कपाटात पडलेल्या यीस्टवर भरवसा ठेवू नका. शंका आली तर पाव वाटी कोमट दुधात चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घाला. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते टाकून द्या. ‘अ‍ॅक्टिव्ह ड्राय’ यीस्ट असेल तर ६ ग्रॅम घ्या आणि आधी कोमट दुधात फुलवा. ओळखीच्या बेकरीतून ताजं यीस्ट मिळत असेल तर १५ ग्रॅम लागेल.

यीस्टऐवजी बेकिंग पावडर किंवा फ्रूट सॉल्ट चालेल का, असंही पुष्कळ जण विचारतात. त्याने काहीतरी गोड, खुसखुशीत नक्की होईल, पण तो केकच्या जातीचा पदार्थ असेल. ताणून सुटणारे पापुद्रे यीस्टशिवाय येत नाहीत.

लोणी. मार्गारीन किंवा बेकरीचं वनस्पती तूप स्वस्त पडतं, पण या पदार्थात चवीला दोनच आधार आहेत, लोणी आणि दालचिनी. तिथे काटकसर करू नका.

दालचिनी : सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्या

बाजारात दालचिनी म्हणून दोन वेगळ्या झाडांच्या साली मिळतात. एक खरी दालचिनी, जिला सिलोन किंवा श्रीलंकेची म्हणतात. दुसरी तज, म्हणजे कॅशिया, जी मुख्यतः चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते. किराणा दुकानात सुटी मिळते ती बहुधा तज असते.

हातात घेऊन असा फरक ओळखा :

- तजाची साल जाड, कडक, बाहेरून खडबडीत असते. एकाच थराची वळी किंवा चपटे तुकडे. मोडायला जोर लागतो.
- खऱ्या दालचिनीत कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले असतात. रंग फिकट तपकिरी. बोटांत दाबली की चुरते.

पूड झाल्यावर डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून सालच विकत घ्या आणि घरी कुटा. २०२४मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या अनेक ब्रँडच्या दालचिनी पुडीत शिसं आढळल्याचे इशारे दिले होते. पूड विकत न घेण्याचं तेही एक कारण आहे. तज असेल तर आधी खलबत्त्यात ठेचा, मग मिक्सरमधून काढा आणि मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा. चाळणीत उरलेला भरड चुरा चहात घाला. रोलमध्ये तो दाताखाली कचकचतो. साल भाजून घेऊ नका. तिचं सुगंधी तेल उडून जातं आणि पुढे ओव्हनमध्ये ती भाजली जाणारच असते.

कोकणातल्या वाचकांना खरी दालचिनी शोधायला फार लांब जावं लागत नाही. नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून ती घेतली जाते आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ हे तिचं वाण दिलेलं आहे. बागायतदारांकडून थेट साल मिळाली तर जरूर घ्या.

चवीचं काय? तज तिखट आणि ठसठशीत, खरी दालचिनी सौम्य आणि गोडसर. अमेरिकन रोलची ओळखीची झणझणीत चव तजाचीच असते. चवीपुरतं बोलायचं तर दोन्ही योग्य आहेत.

मग फरक कशाने पडतो? तजामध्ये कुमारिन नावाचं द्रव्य बऱ्याच प्रमाणात असतं आणि ते रोज जास्त पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. खऱ्या दालचिनीत ते नगण्य असतं. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेचा सल्ला असा आहे, की ६० किलो वजनाच्या प्रौढाने रोज २ ग्रॅमपेक्षा आणि १५ किलोच्या मुलाने रोज अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त तज खाऊ नये. आपल्या प्रमाणात एका रोलमध्ये एक ग्रॅमच्या आत-बाहेर दालचिनी येते. म्हणजे रविवारी दोन रोल खाल्ले तर प्रौढांनी काळजी करायचं कारण नाही. पण घरात लहान मूल असेल आणि रोल दर दोन दिवसांनी होणार असतील, किंवा कुणी रोज दालचिनीचं पाणी घेत असेल, तर खरी दालचिनीच आणा.

आणखी एक समज इथेच दूर करायला हवा. ‘दालचिनी आहे, म्हणजे मधुमेहींना चालेल’ असं सर्रास म्हटलं जातं. हिशेब करून बघा. पिठात ४५ आणि सारणात ८० ग्रॅम साखर किंवा गूळ, नऊ रोलमध्ये वाटला तर प्रत्येकी जवळपास १४ ग्रॅम, वर पस्तीसेक ग्रॅम मैदा. आइसिंग वेगळंच. एवढ्या साखरेवर ग्रॅमभर दालचिनी कोणताही उतारा नाही. गूळ घातल्यानेही हा हिशेब बदलत नाही.

फसवणूक झाली तर तुमचे हक्क. आपल्या अन्न सुरक्षा नियमांत दालचिनी आणि तज यांची मानकं वेगवेगळी आहेत. एक नाव लिहून दुसरी साल विकणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे. मला याची चीड आहे, कारण महाग ‘सिलोन’ पुडीचे पैसे मोजणाऱ्या माणसाकडे घरी पडताळा घेण्याचं साधन नसतं. तुम्ही एवढं करू शकता :

- बिल आणि पाकीट जपून ठेवा. बॅच क्रमांक, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि तारीख यांचा फोटो काढा. पाकीट फोडलं असेल तरी उरलेला माल त्यातच ठेवा.
- आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. ऑनलाइन खरेदी असेल तर तिथल्या संवादाची नोंद राहू द्या.
- दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर फोन करा, किंवा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयातही जाता येतं.
- अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६च्या कलम ४०प्रमाणे साध्या ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. अट एवढीच, की खरेदीच्या वेळीच ‘मी हे तपासायला देणार आहे’ असं विक्रेत्याला सांगावं लागतं. माल नियमबाह्य ठरला तर शुल्क परत मिळतं.

शनिवार संध्याकाळ

सात वाजता : पेज. २० ग्रॅम मैदा १०० ग्रॅम थंड दुधात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळा. दोन-तीन मिनिटांत ते दाटून चमच्याचा माग उमटू लागतो. तेवढ्यावर उतरवा आणि पूर्ण निवू द्या. ही पूर्व आशियातली पद्धत तैवानच्या इव्हॉन चेन यांच्या २००७मधल्या पुस्तकामुळे घरोघर पोचली. शिजलेला मैदा कच्च्यापेक्षा जास्त पाणी धरून ठेवतो, त्यामुळे रोल दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. ‘दुपारपर्यंत कडक होतात’ या तक्रारीवर माझ्या मते याहून चांगला उपाय नाही. ही पायरी गाळू नका.

साडेसात : मळणं. परातीत मैदा, साखर, यीस्ट, वेलदोडा आणि मीठ एकत्र करा. निवलेली पेज आणि दूध घाला. दूध सगळं एकदम ओतू नका, दोन चमचे मागे ठेवा आणि गोळा कोरडा वाटला तरच ते घाला. हिवाळ्यात दूध कोमट, म्हणजे बोटाला जेमतेम ऊब जाणवेल इतकं. एप्रिल-मेमध्ये सरळ फ्रिजमधलं थंड दूध घ्या. कढत दुधात यीस्ट मरतं. साठ अंशांच्या आसपास त्याचा निकाल लागतो, आणि पीठ न फुगण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

गोळा झाला की झाकून दहा मिनिटं ठेवा. मग पाच मिनिटं मळा आणि आता लोणी थोडं थोडं घालत आणखी सात-आठ मिनिटं तिंबा. लोणी घातल्यावर पीठ विस्कटतं, हाताला लिबलिबीत लागतं, आणि नेमक्या याच क्षणी बहुतेकांचा हात मैद्याच्या डब्याकडे जातो. तो आवरा. तळव्याने पुढे रेटा, घडी घाला, पुन्हा रेटा. तीन-चार मिनिटांत लोणी जिरतं आणि पीठ परातीपासून आपोआप सुटू लागतं. तेव्हा लिंबाएवढा गोळा घेऊन चारी बाजूंनी हळूहळू ताणा आणि दिव्यासमोर धरा. पडदा न फाटता इतका पातळ झाला, की पलीकडच्या बोटाची सावली त्यातून दिसते, तर मळणं पुरं झालं. लगेच फाटला, कडा दातेरी आल्या, तर अजून तिंबायला हवं.

आठ वाजता : पहिलं फुगणं. तेलाचा हात लावलेल्या भांड्यात झाकून ठेवा. घड्याळ बघू नका, पीठ बघा. ते दुप्पट व्हायला हवं. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत दीड-दोन तास लागतील, मुंबईच्या मेमध्ये पाऊण तासात होईल. मेमध्ये खोली तेहतीस-चौतीस अंशांवर गेली, की पिठातलं लोणी सुटू लागतं आणि गोळा तेलकट दिसतो. त्या दिवसांत अर्ध्या तासानंतर भांडं वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मगच लाटायला घ्या.

साडेनऊ : लाटणं आणि वळणं. पोळपाट या कामाला पुरत नाही. ओटा स्वच्छ पुसून, किंचित तेल लावून त्यावरच ३६ बाय ३० सेंटिमीटरचा आयत लाटा. सारणाचं लोणी पसरवा, लांब कडांपैकी एका कडेला बोटभर जागा कोरी ठेवा. साखर, दालचिनी आणि चमचाभर मैदा एकत्र करून वर भुरभुरवा आणि हाताने दाबा. हा चमचाभर मैदा वितळलेली साखर धरून ठेवतो, म्हणून सारण तळाशी गळत नाही. गूळ वापरत असाल तर तो अगदी कोरड्या पावडरीचाच हवा. किसलेला ओलसर गूळ हमखास वाहून जातो.

दालचिनी पिठात मिसळली तर चव जास्त मुरेल, असं काहींना वाटतं. ते करू नका. दालचिनीतलं सुगंधी द्रव्य यीस्टची वाढ रोखतं. ती सारणातच ठेवायची.

आता दुसऱ्या लांब कडेपासून, कोऱ्या कडेच्या दिशेने वळकटी करा. आळुवडीची वळकटी आपण आवळून आवळून बांधतो, इथे तसं करायचं नाही. पिठाला अजून फुगायचं आहे. घट्ट वळलं की सकाळी मधला भाग सुळक्यासारखा वर येतो आणि आतून कच्चा राहतो. शेवटी कोरी कड चिमटीने चिकटवा.

कापायला सुरी नको, ती थर चेपते. हातभर जाड शिवणाचा दोरा घ्या. वळकटीखालून सरकवा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून फुली घाला आणि ओढा. रोल गोल राहतो आणि आतली वेटोळी स्वच्छ दिसतात. चार-चार सेंटिमीटरवर नऊ तुकडे पाडा. लोण्याचा हात लावलेल्या टिनमध्ये तीन ओळींत मांडा, मध्ये बोटभर अंतर ठेवून.

दहा वाजता : फ्रिज. टिन प्लास्टिकच्या फिल्मने किंवा मोठ्या स्वच्छ पिशवीने घट्ट झाका, नाहीतर वर कातडं धरतं आणि चिरलेल्या कांद्याचा, लसणीच्या चटणीचा वास लोणी पटकन ओढून घेतं. थंडीत टिन पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग आत सरकवा. उन्हाळ्यात लगेच. फ्रिजमध्ये आठ ते चौदा तास चालतात. त्याहून जास्त ठेवले तर आंबूस वास येऊ लागतो. रात्री तीन-चार तास वीज गेली तरी दार बंद असेल तर बिघडत नाही.

रविवार सकाळ

1. सात वाजता टिन बाहेर काढा. झाकण तसंच असू द्या.
2. तास-दीड तास थांबा. थंडीत दोन तास लागतील. घाई असेल तर बंद, गार ओव्हनमध्ये टिन ठेवा आणि खालच्या फळीवर कढत पाण्याची वाटी ठेवा. ओव्हन तापवायच्या आधी दोन्ही बाहेर काढायला विसरू नका.
3. रोल एकमेकांना टेकले, हलवल्यावर थरथरले, की बोटाने हलकेच दाबा. खळगा सावकाश अर्धवट भरून आला तर वेळ झाली. ताबडतोब उसळला तर अजून थांबा. खळगा तसाच राहिला तर उशीर झालाय, लगेच भाजायला घ्या.
4. ओव्हन १८० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. ओटीजीत वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, फळी मधली. पंखा लावत असाल तर १७० अंश.
5. रोलवर दुधाचा हात फिरवा आणि २२ ते २५ मिनिटं भाजा. पंधराव्या मिनिटाला रंग गडद दिसला तर वर फॉइल पसरा.
6. अगदी मधला रोल तपासा, कडेचा नको. थर्मामीटर असेल तर आत ९० अंशांच्या आसपास हवेत. नसेल तर सुरीच्या टोकाने मधला रोल थोडा उचकटून पाहा. ओले, चिकट धागे दिसले तर आणखी चार मिनिटं. केकसारखी काडी टोचून इथे अंदाज येत नाही, कारण वितळलेली साखर काडीला चिकटतेच.
7. दहा मिनिटांनी टिनमधून काढा. तिथेच गार झाले तर खालची साखर टणक होऊन टिन सोडत नाही.

ओव्हन नसेल तर

- साधा मायक्रोवेव्ह (कन्व्हेक्शन नसलेला) : यात रोल भाजता येत नाहीत. पीठ शिजतं, पण रबरासारखं होतं आणि रंग येत नाही.
- एअर फ्रायर : छोट्या टिनमध्ये चार रोल, १६० अंश, १२ ते १५ मिनिटं. पहिली आठ मिनिटं फॉइल टिनला घट्ट बांधून ठेवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने वरचा भाग वाळतो.
- कढई : जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, वर जाळी, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग टिन ठेवून मंद-मध्यम आचेवर ३० ते ३५ मिनिटं. खालून छान रंग येतो, वरून रोल फिकटच राहतात. वर लोणी फिरवलं की चवीत कमी काही राहत नाही. प्रेशर कुकर या कामाला वापरू नये असं माझं मत आहे. कोरडा तापवून कुकर खराब होतो, आणि चुकून रिंग-शिट्टीसकट बंद केला तर धोका आहे.

काही बिघडलं तर

- कडा कडक, आत ठीक : जास्त भाजले गेले, किंवा लाटताना मैदा भुरभुरवला. पुढच्या वेळी मैद्याऐवजी तेलाचा हात.
- सारण आणि पीठ यांत पोकळी : सारणाचं लोणी वितळलेलं होतं.
- दारूसारखा वास : जास्त फुगले, किंवा फ्रिज पुरेसा थंड नव्हता.
- सकाळी फुगायचं नावच नाही : बहुतेक वेळा रोल अजून गार असतात. अर्धा तास आणखी द्या. शनिवारी पहिल्यांदा पीठ दुप्पट झालं होतं, म्हणजे यीस्ट जिवंत आहे.
- कडवट, तोंडाला चरचर : दालचिनी जास्त पडली, किंवा पूड भरड राहिली.

आइसिंग : क्रीम चीजऐवजी चक्का

क्रीम चीज महाग आहे आणि सगळीकडे मिळतही नाही. आपल्याकडे त्याहून ताजा पर्याय घरातच आहे. पाव किलो गोड, न आंबलेलं दही शनिवारी रात्री फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा. सकाळी साधारण शंभर ग्रॅम चक्का मिळतो. तो २० ग्रॅम मऊ लोणी आणि ४० ग्रॅम पिठीसाखरेबरोबर फेटा. हवा तर व्हॅनिला इसेन्सचा थेंब. श्रीखंडापेक्षा कमी गोड ठेवा, कारण खाली साखर आहेच. कढत रोलवर घातलं तर ते पाण्यासारखं ओघळतं. रोल कोमट झाला की घाला.

उरलेले रोल

त्या दिवशी घट्ट डब्यात, ओट्यावरच ठेवा. फ्रिजमध्ये पावाच्या जातीचे पदार्थ उलट लवकर शिळे होतात. आइसिंग लावलेले रोल मात्र दह्यामुळे फ्रिजमध्येच ठेवावे लागतात, म्हणून जेवढे खाणार तेवढ्यांवरच ते घाला.

महिनाभर ठेवायचे असतील तर आइसिंगशिवाय पूर्ण गार करा, एकेक फिल्ममध्ये गुंडाळा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. शाळेच्या दिवशी एक रोल ओल्या पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट फिरवला की मऊ होतो, पण लगेच खायला हवा, दहा मिनिटांत तो पुन्हा चिवट होतो. वेळ असेल तर फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं ठेवा आणि शेवटची दोन मिनिटं फॉइल उघडा. कडा पुन्हा खरपूस होतात.